आलेला रंग, आणलेला रंग

हे लिहायला बसलो याची आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्या आधी कुणी अक्षर गिरवलं नाही. आई-वडिलांची भाषा वेगळी, मी लिहितो ती वेगळी. ही दुसरी मी पुस्तकांतून आणि साताऱ्याच्या बोर्डिंगमधल्या मुलांच्या टिंगलीतून शिकलो. कुठं शब्द चुकला तर समजून घ्यावं. यात मी दुसऱ्या कुणाची कागाळी करायला बसलेलो नाही. जे वाईट झालं ते बहुतेक माझ्याच तोंडून झालं, आणि अशा माणसानं लिहावं का, हे मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईची वर्षं होती. मी सांगलीला कॉलेजात होतो. एका वकिलांच्या गोठ्यावरच्या माडीत मला राहायला जागा मिळाली होती, आणि भाड्याऐवजी त्यांच्या नाण्यांची यादी करायची होती. वकिलांना जुन्या नाण्यांचा फार नाद. त्यातही त्यांचा जीव होता तो चांदीच्या रुपयांवर धरलेल्या रंगावर. मला आधी हे कळेचना. आमच्याकडे चांगला रुपया म्हणजे चिंच लावून लख्ख केलेला. वकील म्हणाले, "घासलेला रुपया म्हणजे कातडी सोललेला माणूस. त्याच्याकडं बघवत नाही." चांदी वर्षानुवर्षं कागदात, कापडात, लाकडी पेटीत पडून राहिली की तिच्यावर आपोआप रंग येतो. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. असा एखादा राणीछाप रुपया ते खिडकीपाशी तिरका धरत आणि हातातला चहा निवेपर्यंत बघत राहत.

पण असा रंग मुद्दाम चढवणारेही होते. साताऱ्याच्या एका कारागिराकडून वकिलांनी एकदा काही रुपये घेतले आणि मुंबईच्या पाहुण्याला कौतुकानं दाखवले. पाहुण्यानं एक रुपया ओल्या अंगठ्यानं चोळला, रंग लागलेला अंगठा सगळ्यांना दाखवला आणि हसला. वकील ते हसणं विसरले नाहीत. मी आल्यावर पहिल्याच सुट्टीत ते मला घेऊन त्याच कारागिराकडे गेले. त्याच्या हातावर पैसे ठेवून म्हणाले, "लबाडी कशी करतोस ते या पोराला दाखव."

कारागीर म्हातारा होता. तो लाजला नाही की रागावला नाही. उकडलेल्या अंड्याचा बलक, गंधकाची धुरी, गरम तव्यावरची राख, सगळं त्यानं सावकाश दाखवलं. "मला रंग आणायला अर्धा तास लागतो," तो म्हणाला, "आपला आपण यायला दोन पिढ्या लागतात. गिऱ्हाइकाला थांबायचं नसतं, त्याला मी काय करू?"

तिथं मी खुणा शिकलो. आलेला रंग कडेकडून आत सरकतो, आणि ओळीनं सरकतो. पिवळ्याच्या पुढं तांबूस, त्याच्या पुढं जांभळा. राणीच्या गालावर तो फिका असतो, अक्षरांच्या कुशीत दाट. रुपया हलवला की रंगाखालची चकाकी फिरते. आणलेला रंग वर थापल्यासारखा दिसतो. त्याची ठिगळं असतात, निळ्याला लागून एकदम पिवळा येतो, वास येतो, बोटाला काहीतरी लागतं. मी हे लवकर शिकलो. एकसारख्या दिसणाऱ्या दोनशे मेंढरांतून आपलं कोकरू ओळखायची लहानपणची सवय इथं उपयोगी पडली असावी. वकील मित्रांना म्हणत, "डोळा बघा याचा! मेंढरांमागं फुकट गेला असता."

मला ते ऐकायला आवडायचं. हेही लिहायला हवं.

दर रविवारी सकाळी लोक रुपये विकायला येत. वकील ओसरीवर झोपाळ्यात बसत, त्यांचे दोन-तीन मित्र खुर्च्यांवर, चहा चाललेला. विकणारा अंगणात उभा. मी पायरीवर बसून रुपया बघायचा आणि मोठ्यानं एकच शब्द सांगायचा. "आलेला" म्हटलं तर वकील रुपयाला दहा-पंधरा रुपये देत. "आणलेला" म्हटलं की गडी तो रुपया अंगणातल्या धुण्याच्या दगडावर ठेवी आणि छिन्नी लावून राणीच्या गळ्यावर एक घाव घाली. मग वकील रुपयाबद्दल रुपया देऊ करत. "पुन्हा कुणाला फसवायला नको," ते म्हणत. एकदा एक माणूस तिथंच मटकन खाली बसला आणि रडायला लागला. मित्रांपैकी एक जण म्हणाला, "गळा राणीचा कापला, हा कशाला रडतो?" सगळे हसले. मीही हसलो.

अशाच एका रविवारी माणदेशातून दोघं आले. एक म्हातारा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. तो आमच्याच धनगर लोकांतला, एका माळावरच्या बिरोबाचा पुजारी. त्यांची वस्ती आमच्या वस्तीपासून दोन दिवसांच्या चालीवर, त्यामुळे मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. दुसरा चाळिशीचा, पलटणीतून सुटून आलेला, अंगात खाकी कोट. तो म्हाताऱ्याचा भाऊबंद. पंचांनी त्याला साक्षीला म्हणून बरोबर धाडला होता.

म्हाताऱ्यानं कमरेची पिशवी सोडली. आतून न धुतलेल्या लोकरीचे पाच गोळे निघाले, आणि प्रत्येक गोळ्यात एक राणीछाप रुपया.

"आवं सायेब, ह्यो द्येवाचा पैका हाय," तो म्हणाला. "माज्या आज्यापासनं मडक्यात हाय. कोकराची पयली कातरन झाली का त्या लोकरीत रुपाया बांदायचा आन द्येवाला व्हायचा. त्येला पानी लावायचं न्हाई, घासायचं न्हाई. औंदा पाऊस न्हाई. द्येवाम्होरं मेंढरास्नी पानी प्यायला दगडाची डोन करायची, म्हून पंचांनी ह्ये पाच काडलं. म्हसवडच्या बाजारात कुनीतरी म्हनलं, तुमी रंगाच्या रुपायाला लय पैसं देता."

खुर्चीतल्या एकानं नाकाला रुमाल लावला. "वकीलसाहेब, आज रुपयांबरोबर मेंढरंही घेताय का विकत?"

म्हाताऱ्याचं तिकडं लक्ष नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता. "लेकरा, तू त्यो कालिजातला न्हवं? आमच्यातला?" मग भाऊबंदाकडे वळून म्हणाला, "आता काळजी न्हाई गड्या. आपला मानूस हाय हितं."

मी मान खाली घातली आणि रुपया उचलला.

इतके सुंदर रंग मी त्या घरात पाहिले नव्हते, पण सगळे चुकीचे होते. निळ्याला लागून पिवळा. मध्येच केसासारख्या बारीक जांभळ्या रेघा, एकमेकींवरून गेलेल्या. एका रुपयाची एक बाजू पूर्ण मोरपिशी, तर दुसरी निम्मी पांढरी. कडेकडून आत येणं नाही, क्रम नाही. अंगठ्यानं चोळलं तर अंगठा तेलकट झाला. वास तर येतच होता.

तो वास मी ओळखला. ओळखला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. तो मेंढराच्या अंगच्या तेलाचा वास होता, माझ्या आईच्या लुगड्याला येतो तो. कॉलेजात पहिल्या महिन्यात माझ्या बाकावरची दोन मुलं उठून दुसरीकडे बसली होती ती त्याच वासामुळे. तेव्हापासून मी रोज दोनदा कृष्णेवर आंघोळीला जात होतो.

वकील झोपाळ्यातून पुढं वाकले. "काय रे, तुमच्यात रुपये असे लोकरीत ठेवतात? आणि त्यानं असा रंग येतो? तुला ठाऊक असणार."

मला लोकर ठाऊक होती. चांदी ठाऊक नव्हती. आमच्या घरी रुपया आला तर पुढच्या बाजारापर्यंतसुद्धा टिकत नसे. तो लोकरीत राहिला तर काय होतो हे मी कुठं बघणार? आणि देवाचं मडकं पुजाऱ्याशिवाय कुणी उघडत नाही. "मला माहीत नाही" एवढंच म्हणायचं होतं. पण खुर्च्यांवरचे सगळे माझ्याकडे बघत होते, एकाच्या नाकाला अजून रुमाल होता, आणि मला त्या क्षणी अंगणातल्या माणसाचा कुणीही व्हायचं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "आमच्यात असं काही नसतं."

"मग?"

"आणलेला."

"पाचही?"

"पाचही."

म्हातारा हसतच होता. त्याला समजलं नव्हतं. "काय म्हनतोय लेकरू?" त्यानं भाऊबंदाला विचारलं.

"रंग लावल्यात म्हनतोय. खोटं हायती."

"रुपये खरे आहेत रे," वकील म्हणाले. "रंग खोटा आहे. आणि देवाच्या पैशाला रंग लावून विकणारा माणूस कसा आहे ते तुमचं तुम्ही बघा."

गड्यानं छिन्नी आणली. ते बघून म्हातारा धावला आणि धुण्याच्या दगडावर आडवा पडला. "माज्या हातावर घाला, सायेब. द्येवाच्या अंगावर नगा घालू." गड्यानं त्याला दंडाला धरून बाजूला केलं. भाऊबंद जागचा हलला नाही. पाच घाव झाले. शेवटचा रुपया उडून नालीपाशी पडला, तेव्हा ओसरीवरून कुणीतरी "अरे, देव पळाला" म्हणालं.

म्हाताऱ्यानं वकिलांचे पाच रुपये घेतले नाहीत. आपले रुपये त्यानं वेचले, पुसले नाहीत, एकेक पुन्हा लोकरीत गुंडाळला. त्याच्या हातांना लोकरीची टोकं सापडत नव्हती.

तेवढ्यात खाकी कोटवाला माझ्या पायरीशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "एक सांगा, मास्तर. ह्ये रंग लावल्यालं कवाचं आसंल? लय जुनं का आताचं?"

मला मास्तर आजवर कुणी म्हणालं नव्हतं. मी म्हणालो, "फार जुनं वाटत नाही."

तो समाधानानं हसला. त्याला त्यातून काय करायचं होतं हे मला तेव्हा कळलं नाही. थोडा विचार केला असता तर कळलं असतं. म्हाताऱ्यानं देवाचे खरे रुपये काढून घेऊन बाजारातून रंगवून आणलेले आत ठेवले, असं त्याला घरी जाऊन सांगायचं होतं. पूजेचा मान त्याच्या घराकडे यावा म्हणून तो किती वर्षं टपलेला होता ते मला पुढं वडिलांकडून समजलं.

पाच-सहा महिने गेले. कॉलेजात रसायनशास्त्राच्या तासाला प्राध्यापकांनी लोकरीचा धागा दिव्यावर धरला आणि विचारलं, वास कशाचा? कुणी सांगेना. ते म्हणाले, "लोकरीत गंधक असतो. गंधक चांदीला काळं करतो हे तुम्हाला माहीत आहे." तास संपल्यावर मी त्यांना गाठलं आणि विचारलं की चांदी साठ-सत्तर वर्षं कच्च्या लोकरीत राहिली तर रंग येईल का. "का नाही येणार? आणि जिथं धागा टेकला असेल तिथं वेगळा, जिथं टेकला नसेल तिथं वेगळा. धाग्याची रेघसुद्धा उमटेल." त्यांनी माझा चेहरा बघून विचारलं, "बरं नाही का?"

मी वकिलांकडे गेलो. ते हजामत करून घेत होते. मी सगळं सांगितलं. न्हाव्यानं वस्तरा उचलेपर्यंत ते थांबले आणि म्हणाले, "मला तेव्हाच शंका आली होती. दोन रुपयांना धागे चिकटलेले होते."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"चार माणसांत मी तुला विचारलं. तू त्यांच्यातला. तू नाही म्हणालास. त्याउपर मी काय बोलायचं?" त्यांनी मान पुन्हा मागं टेकली. "आता जीभ चावून रुपयावरची खोक भरत नाही. जा, यादी राहिली आहे ती कर."

मी यादी केली. जागा सोडून जायची माझी तयारी नव्हती.

पण त्याच आठवड्यात मी म्हाताऱ्याच्या वस्तीला कार्ड टाकलं. तिथं कुणाला वाचता येत नव्हतं, म्हणून शेजारच्या गावच्या शाळामास्तरांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवावं अशी वर विनंती लिहिली. रुपये खरे, त्यांचा रंगही खरा, तो लोकरीतल्या गंधकानं आला, चूक संपूर्ण माझी, असं स्वच्छ लिहिलं. खाली थोडी जागा उरली होती. तिथं मी आणखी एक वाक्य घातलं, "कुणाला शंका असल्यास एक रुपया तशाच लोकरीत बांधून ठेवावा आणि प्रत्यक्ष पाहावे." हे वाक्य मला फार आवडलं. कॉलेजात शिकलेला माणूस असंच लिहील, असं मला वाटलं.

उत्तर आलं नाही. मी समजलो की प्रकरण मिटलं.

लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्याआधी माझे वडील मेंढरं घेऊन शिराळ्याच्या बाजूला आले होते. तिकडचे शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. माझी बी.एस्सी.ची परीक्षा जवळ आली होती, तरी एक दिवस काढून त्यांना भेटायला गेलो. दुपारची वेळ. वडील बाभळीखाली बसून एका मेंढीचा खूर बघत होते.

"ये," ते म्हणाले. "तुजं कार्ड लय गाजलं बाबा."

मला आधी कळेना कोणतं कार्ड. मग वडिलांनी खूर सोडला आणि सांगायला सुरुवात केली.

सांगलीहून परत गेल्यावर भाऊबंदानं छिन्नी मारलेले पाच रुपये पंचांपुढं मांडले होते. आपल्याच लोकांतल्या शिकलेल्या पोरानं ओळखलं, रंग अलीकडचा आहे, असं सांगितलं. पंचांनी म्हाताऱ्याला मडक्याला हात लावायची बंदी केली. बायकांनी त्याच्या म्हातारीला पाणवठ्यावर शेवटी उभं करायला सुरुवात केली. मग माझं कार्ड आलं. मास्तरांनी वाचलं. म्हाताऱ्यानं ते पुन्हा वाचायला लावलं, पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि पंचांपुढं उभा राहून म्हणाला, ठेवा रुपया.

"त्येचा त्येनंच आनला," वडील म्हणाले. "येक मेंढरू इकलं, आन बाजारातनं नवा कोरा रुपाया घिऊन आला. जुना घेतला तर लोक म्हनतील आदीच रंग हुता. समद्यांस्नी दावला. चकचकीत. मग पयल्या कातरनीच्या लोकरीत बांदला, मडक्यात घातला, पंचांनी तोंडाला कापड बांदून चिखल थापला. दोन यात्रा गेल्या. दुसऱ्या यात्रंला उगाडलं. आमी समदी हुतो तितं."

"आणि?"

"काळाकुट. तव्याच्या बुडावानी. ना निळा, ना जांभळा."

मी विचारलं, "रुपया राणीचा होता की राजाचा?"

"नवा कोरा म्हनलं न्हवं? राजाचा."

तेव्हा मला घोटाळा कळला. लढाईत सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली होती, उरलेल्यात तांबं आणि असलंच काहीबाही घातलं होतं. वकिलांच्या घरी मी स्वतः ते यादीत लिहिलं होतं. तसला रुपया लोकरीत शंभर वर्षं ठेवला तरी मळकटच निघणार. शिवाय चांगल्या चांदीलासुद्धा दोन वर्षं कुठली पुरतात? साताऱ्याचा कारागीर दोन पिढ्या म्हणाला होता. कार्डावर मी यातलं काहीच लिहिलं नव्हतं. कोणता रुपया ते लिहिलं नव्हतं, किती वर्षं ते लिहिलं नव्हतं.

"म्हातारा काय म्हणाला?" मी विचारलं.

"रुपाया दोनी अंगानं उलटून बगितला. मंग मला हाक मारली. म्हनला, तुज्या पोराला सांग, सांगलीला त्यो बोलला त्येच खरं हुतं. कार्ड त्येनं माज्यावर दया म्हून लिवलं. म्हनला, मडकं माज्या आज्याच्या येळंलाच कुनीतरी बदाललं आसंल, मला वळखाया आलं न्हाई. गुनाचं हाय म्हनला तुजं लेकरू."

मी उठलो. म्हणालो, "मी येतो तुमच्याबरोबर. आजच निघू. मडक्यात आणखी राणीछाप आहेत ना? ते पंचांपुढं ठेवतो. जुना रुपया आणि नवा रुपया कापून दाखवतो. प्राध्यापकांची चिठ्ठी आणतो. रंग खरा आहे हे त्या रुपयांवरूनच दाखवता येईल."

वडिलांनी मेंढीचा खूर पुन्हा हातात घेतला. "काय दावतोस? रंग ऱ्हायलाय कुटं? पंच म्हनलं, असलं डागाळल्यालं द्येवाम्होरं नगंत. समदं रुपायं घासलं. चिंच आन राख लावून."

"कुणी घासले?"

"त्येनंच. ज्येनं बिगडवलं त्येनंच घासायचं, असं ठरलं. द्येवळाम्होरं बसवला त्येला, आमच्या समद्यांच्या देकत. सकाळपासनं दीस कलंडस्तवर घासत हुता. येकेक रुपाया उनात धरायचा आन इचारायचा, झाला का पांडरा? पंच म्हनायचं, आजून घास."

"मग?"

"मग काय. झालं समदं पांडरं." वडिलांनी खुरातला काटा काढून फेकला. "चवथ्या दिशी गेला."